उर्दू'च' की बांगला'ही'? एकवीस फेब्रुवारीची गोष्ट

मस्कतला होतो तेव्हा आमच्या बिल्डिंगखाली एक सलून होतं, चालवणारा बांगलादेशातल्या नोआखालीचा. मोडकंतोडकं हिंदी बोलायचा पण गप्पांना तय्यार. एका फेब्रुवारीत सकाळी गेलो तर शर्टाच्या खिशावर टाचणीने काळी फीत लावलेली. मी आपलं विचारलं, घरी कोणी गेलं का. तर म्हणाला, नाही भाई, आज एकुशे. एकुशे म्हणजे एकवीस एवढं कळलं, पुढचं काही कळेना. मग तो म्हणाला, "भाषा के लिए मरा था हमारा लोग." मी लगेच हुशारी केली, हां हां, ७१ ची लढाई ना, इंदिरा गांधी वगैरे. त्याने कात्री थांबवली आणि आरशात माझ्याकडे बघत म्हणाला, "वो बाद में. पहले ये."

त्यानंतर मी बरंच वाचलं या विषयावर, आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे बहुतेकांना ही गोष्ट दोनच वाक्यांत माहीत असते, म्हणजे पाकिस्तानने उर्दू लादली, बंगाल्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, आणि म्हणून २१ फेब्रुवारी हा मातृभाषा दिन. चूक नाही, पण यात मुख्य गोम निसटते. आपल्या मराठीत ती दोन अक्षरांत सांगता येते. कराचीचं सरकार म्हणत होतं 'उर्दूच'. ढाक्याचे लोक म्हणत होते 'बांगलाही'. उर्दू नको असं त्यांचं म्हणणं नव्हतं, त्यांच्या मागणीतला शब्दच होता 'अन्यतम राष्ट्रभाषा', आणि बांगलात अन्यतम म्हणजे अनेकांपैकी एक. सगळं भांडण या 'च' आणि 'ही' चं आहे, बाकी तपशील त्याच्या भोवतीने येतो.

आता १९४७ चा नकाशा डोळ्यासमोर आणा. पाकिस्तान नावाचा एक देश, त्याचे दोन तुकडे, मध्ये दीड हजार किलोमीटरहून जास्त भारत. राजधानी कराची पश्चिमेला, लष्कर पश्चिमेचं, मोठे अधिकारी बहुतेक पश्चिमेचे नाहीतर उत्तर प्रदेशातून गेलेले. पण माणसं जास्त कुठे, तर पूर्वेला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. १९५१ च्या जनगणनेत अख्ख्या पाकिस्तानात ५४ टक्क्यांच्या वर लोकांची मातृभाषा बांगला होती आणि उर्दू मातृभाषा असलेले होते ७ टक्क्यांच्या आसपास. बरं, पश्चिमेला तरी उर्दू कोणाची होती? लाहोरवाला घरी पंजाबी बोलणार, कराचीच्या आसपासचा सिंधी, पेशावरचा पश्तू. उर्दू ही उत्तर हिंदुस्थानातल्या शिकलेल्या मुसलमानांची भाषा, आणि पाकिस्तानच्या चळवळीत ती मुसलमानांच्या एकीची खूण झालेली. त्यामुळे नवा देश एकत्र बांधायचा तर एक भाषा पाहिजे आणि ती उर्दू, असा सरळ हिशेब. हिशेब करणाऱ्यांना तो वाईट वाटतच नव्हता हे पण लक्षात घ्यायला पाहिजे, त्यांना खरंच वाटत होतं की दोन भाषा झाल्या की दोन देश होतील. त्यात बांगलाची लिपी आपल्या देवनागरीच्या नात्यातली, शब्द संस्कृतचे, टागोर हिंदू, म्हणजे ही भाषाच जरा 'तिकडची', असा संशयही होता. पुढे तर बांगला अरबी लिपीत लिहायची असाही सरकारी घाट घातला गेला होता, म्हणजे विचार करा, मराठी उद्या उजवीकडून डावीकडे लिहा म्हणाले तर.

पण सामान्य माणसाला राष्ट्रभाषेचं एवढं काय पडलेलं असतं? इथे मला सगळ्यात बोलका वाटतो तो मनीऑर्डरचा फॉर्म. पाकिस्तान झालं आणि काही महिन्यांत नवीन सरकारचे छापील कागद यायला लागले, मनीऑर्डर फॉर्म, पाकिटं, पोस्टाची तिकिटं, नाणी, आणि त्यावर इंग्रजी आणि उर्दू. बांगला नाहीच. ढाक्यात कामाला असलेला माणूस, चौथी शिकलेला, बांगला व्यवस्थित लिहितो वाचतो, तो गावी बापाला पाच रुपये पाठवायला पोस्टात उभा आहे आणि त्याला तो फॉर्म वाचता येत नाही. कालपर्यंत साक्षर असलेला माणूस त्या खिडकीसमोर अंगठेबहाद्दर झाला. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) इंग्रजांच्या नोटेवर सुद्धा आपल्या इतर भाषांबरोबर बांगला अक्षरं होती. आणि हाच माणूस थोडा जास्त शिकलेला असेल तर त्याचा प्रश्न आणखी मोठा, कारण केंद्र सरकारच्या नोकऱ्या, पोस्ट, रेल्वे, लष्कर, सगळ्या परीक्षा जर उर्दूत व्हायला लागल्या तर पूर्वेकडच्या पोरांनी करायचं काय? हे सगळ्यात आधी नीट मांडलं ढाका विद्यापीठातल्या लोकांनी. अबुल काशेम नावाचे तिथले फिजिक्सचे प्राध्यापक, त्यांनी 'तमद्दुन मजलिस' नावाची संस्था काढली आणि १५ सप्टेंबर १९४७ ला, म्हणजे देश जेमतेम महिन्याचा असताना, पुस्तिका छापली की पाकिस्तानची राष्ट्रभाषा बांगला की उर्दू. म्हणजे पोट आणि अभिमान ही दोन्ही कारणं सुरुवातीपासून एकत्रच होती. ती वेगळी काढून 'बंगाली लोक फार भावनिक' असं म्हणणाऱ्यांनी तो फॉर्म आठवावा.

मग फेब्रुवारी १९४८. कराचीत संविधान सभा, नियम असा की सभासदांनी इंग्रजीत किंवा उर्दूत बोलायचं. कुमिल्ल्याचे धीरेंद्रनाथ दत्त, काँग्रेसचे, हिंदू, फाळणीनंतर तिथेच राहिलेले, त्यांनी दुरुस्ती सुचवली की या दोन भाषांबरोबर बांगलातही बोलायची मुभा असावी. परत तेच, 'ही'. पंतप्रधान लियाकत अली खान यांनी विरोध केला, आणि वाईट याचं की पूर्व बंगालचे मुस्लिम लीगचे सभासदही दत्तबाबूंच्या बाजूने उभे राहिले नाहीत. दुरुस्ती पडली. बातमी ढाक्याला पोचली तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले, ११ मार्चला संप झाला, धरपकड झाली, पकडलेल्यांत शेख मुजीब नावाचा एक तरुण पण होता.

लगेच त्याच महिन्यात जिना ढाक्याला आले. २१ मार्च १९४८ ला रेसकोर्स मैदानावर प्रचंड गर्दी, आणि त्यांनी सांगून टाकलं की पाकिस्तानची राष्ट्रभाषा उर्दूच असेल, दुसरी कुठली नाही. तीन दिवसांनी कर्झन हॉलमध्ये पदवीदान समारंभात परत तेच, आणि तिथे विद्यार्थ्यांतून 'नो नो' असे आवाज आले. कायदेआझमला तोंडावर नाही म्हणणं ही त्या काळात काय गोष्ट असेल कल्पना करा. जिनांच्या बाजूने एक सांगायला पाहिजे, ते म्हणाले होते की प्रांताच्या कारभाराची भाषा प्रांताच्या लोकांनी हवी ती ठरवावी, फक्त अख्ख्या देशाची भाषा उर्दू. म्हणजे घरात बोला तुमची, चावडीवर आमची. पण सगळं मोठं काम चावडीवरच चालणार असेल तर घरच्या भाषेचं पुढे काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आणि यातला विनोद असा की उर्दूच असं ठणकावून सांगणारं ते भाषण होतं इंग्रजीत, आणि देणाऱ्या, मुंबईत वर्षानुवर्षं वकिली केलेल्या गृहस्थांची मातृभाषा होती गुजराती.

पुढची तीन-चार वर्षं धुमसत राहिलं. जिना गेले, लियाकत अली मारले गेले, आणि २७ जानेवारी १९५२ ला नवे पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांनी ढाक्याच्या पलटण मैदानावर परत तीच रेकॉर्ड लावली. हे नाझिमुद्दीन स्वतः ढाक्याचे, पण नवाब घराण्यातले, घरात उर्दू. आणि १९४८ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री असताना याच गृहस्थांनी विद्यार्थ्यांबरोबर लेखी करार केला होता बांगलाच्या बाजूने! त्यामुळे लोक जास्तच पेटले. सर्वपक्षीय समिती झाली, २१ फेब्रुवारीला हरताळ ठरला. तारीख तीच का, तर त्या दिवशी प्रांतिक विधानसभेचं बजेट अधिवेशन होतं, आणि विधानसभा भरायची जगन्नाथ हॉलमध्ये, विद्यापीठाच्या अगदी पलीकडे. आदल्या दिवशी सरकारने महिन्याभरासाठी १४४ कलम लावलं. रात्री मोठ्या नेत्यांची बैठक झाली आणि बहुमताने ठरलं की जमावबंदी मोडायची नाही, निवडणुका बिघडतील वगैरे. मोठे लोक नेहमी करतात तेच. पोरांनी ऐकलं नाही.

२१ ला सकाळी विद्यापीठाच्या आर्ट्स बिल्डिंगच्या आवारातल्या आंब्याच्या झाडाखाली सभा झाली, त्या जागेला आमतला म्हणतात, आज तिथे ढाका मेडिकल कॉलेजचा भाग आहे. ठरलं असं की दहा-दहाच्या तुकड्या करून गेटबाहेर पडायचं आणि अटक करून घ्यायची, म्हणजे चक्क सत्याग्रहाची पद्धत. पहिल्या तुकड्यांमध्ये मुली होत्या आणि त्या काळात तिथे मुलींनी वर्गातल्या मुलाशी बोलायलाही परवानगी लागायची असं जुन्या विद्यार्थिनींनीच सांगून ठेवलंय. लाठ्या झाल्या, अश्रुधूर झाला, पोरं जवळच्या तळ्यात रुमाल भिजवून डोळ्याला लावत होती आणि परत येत होती. दुपारपर्यंत सगळा जमाव मेडिकल कॉलेजच्या होस्टेलपाशी सरकला, कारण तिथून विधानसभा जवळ. होस्टेल म्हणजे काय, बांबूच्या तट्ट्यांच्या बराकी. तीनच्या सुमाराला पोलिसांनी तिथे गोळी चालवली.

कोण मेलं ते बघा. अबुल बरकत, ढाका विद्यापीठात एमएला, जन्म आपल्या भारतातल्या मुर्शिदाबादचा, त्याची आई तिकडेच. रफीकुद्दीन, माणिकगंजच्या कॉलेजातला, त्याच्या डोक्यालाच गोळी लागली, लग्न ठरलं होतं आणि त्याच्या खरेदीला आला होता असं सांगतात. अब्दुल जब्बार हा तर विद्यार्थीच नव्हे, गफरगावचा साधा माणूस, सासूला कॅन्सर होता म्हणून तिला मेडिकलला घेऊन आला होता. अब्दुस सलाम सरकारी ऑफिसात शिपाई, त्याला २१ ला गोळी लागली आणि तो गेला ७ एप्रिलला, दीड महिना झुंजून. दुसऱ्या दिवशी, २२ ला, लोक आणखी चिडून बाहेर आले, त्यात हायकोर्टात नोकरी करणारा शफीउर रहमान गेला, आणि एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा पण, ओहीउल्ला. एकूण किती गेले ते नक्की कधीच ठरलं नाही, कारण प्रेतं रातोरात नेऊन पुरली. मला सारखं वाटतं ते जब्बारचं. सासूच्या औषधपाण्याला आलेला माणूस, भाषेचं धोरण वगैरे त्याच्या डोक्यात तरी होतं का, आणि आज अख्खा देश त्याच्या नावाने फुलं वाहतो.

विधानसभेत त्या दुपारी काय झालं? मौलाना अब्दुर रशीद तर्कबागीश, सरकारी पक्षाचेच आमदार, उभे राहिले आणि म्हणाले की बाहेर पोरं मरतायत, कामकाज थांबवा, मुख्यमंत्री नुरुल अमीन यांनी आधी तिकडे जाऊन बघावं. ऐकलं नाही तेव्हा सभागृह सोडून गेले.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग, २३ फेब्रुवारीची रात्र. शहरात कर्फ्यू. मेडिकलच्या पोरांनी ठरवलं की जिथे रक्त सांडलं तिथे स्तंभ बांधायचा, आणि आजच. डॉक्टरकीची पोरं ही, गवंडीकाम कुणाला येतंय. पण हॉस्पिटलच्या नवीन बांधकामासाठी विटा आणि वाळू आवारातच पडलेली होती. सिमेंट होतं कुलपात, कंत्राटदार पियारू सरदार यांच्या गोदामात. हे जुन्या ढाक्यातल्या पंचायतीचे सरदार, आणि जुन्या ढाक्यातले बरेच लोक तोवर या भाषेच्या भानगडीत विद्यार्थ्यांच्या बाजूचे नव्हते, त्यांची स्वतःची बोलीच उर्दूमिश्रित. पण गोळीबाराने सगळं फिरलं. पोरं गेली, सरदारांनी गोदामाची किल्ली दिली. मग रांग लावून हातोहात विटा, कुणी स्ट्रेचरवरून वाळू, एकदोन गवंडी मिळाले, आणि पहाटेपर्यंत दहा-अकरा फुटांचा एक ओबडधोबड स्तंभ उभा. वर कागदावर लिहून चिकटवलं, शहीद स्मृतिस्तंभ. बस. सकाळी शहर जागं झालं आणि लोंढाच लोटला, फुलं, पैसे, बायकांनी अंगावरचे दागिने काढून ठेवले. शफीउरच्या वडिलांच्या हातून उद्घाटन झालं. २६ तारखेला पोलीस आले आणि पाडून टाकला. तीन दिवसांचं आयुष्य मिळालं त्याला. पण तोवर त्याची गोष्ट गावोगाव गेली होती आणि शाळाशाळांच्या आवारात पोरं मातीचे, विटांचे, बांबूचे छोटे स्तंभ करायला लागली ते आजपर्यंत.

आजचा शहीद मिनार हा त्याच आवारातला, आराखडा हमीदुर रहमान यांचा आणि बरोबर शिल्पकार नोव्हेरा अहमद. काम १९५७ ला सुरू झालं, मध्ये मार्शल लॉ आला, पुरं व्हायला १९६३ उजाडलं, आणि उद्घाटन केलं बरकतच्या आईने. मधला उंच, वरून पुढे वाकलेला खांब आहे ना, ती आई, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान खांब म्हणजे मुलं. नीट बघितलं तर ती खरंच पोरांकडे वाकून बघतेय असं वाटतं. मार्च १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने हा पण उडवला, स्वातंत्र्यानंतर परत बांधला. आणि त्याच मार्चमध्ये, २९ तारखेला, ते कराचीत 'ही' म्हणणारे धीरेंद्रनाथ दत्त, वय ८४, त्यांना मुलासकट कुमिल्ल्याच्या घरातून उचलून छावणीत नेलं. परत आले नाहीत.

हरताळाचा निकाल काय लागला हे पण थोडक्यात. १९५४ च्या प्रांतिक निवडणुकीत विरोधकांनी एकी केली, जाहीरनाम्यात कलमं मुद्दाम २१, आणि मुस्लिम लीगचा असा काही धुव्वा उडाला की मुख्यमंत्री नुरुल अमीन स्वतः एका विद्यार्थी नेत्याकडून पडले. १९५६ च्या संविधानात उर्दू आणि बांगला दोन्ही राष्ट्रभाषा झाल्या, म्हणजे जे १९४८ मध्ये साध्या दुरुस्तीने भागलं असतं ते आठ वर्षं आणि इतके जीव गेल्यावर दिलं. तोवर उशीर झाला होता. एकदा माणसाला कळलं की या घरात आपली भाषा मोजत नाहीत, की मग तो तागाचा पैसा कुठे जातो, लष्करात आपले किती, हेही मोजायला लागतो. सलूनवाल्याचं "वो बाद में, पहले ये" ते हेच. एकी टिकावी म्हणून 'च' लावला आणि त्या 'च' नेच देश मोडला.

आणि मातृभाषा दिन जगाचा कसा झाला? कॅनडात व्हँकुव्हरला राहणाऱ्या दोन बंगाली माणसांनी १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना, कोफी अन्नान यांना पत्र लिहिलं. त्या दोघांची नावं, बसा खाली, रफीकुल इस्लाम आणि अब्दुस सलाम. शहिदांतलेच रफीक आणि सलाम! तिथून सरकार, मग युनेस्को, १७ नोव्हेंबर १९९९ ला घोषणा आणि २००० पासून जगभर. बांगलादेशात मात्र तो आधी शहीद दिवस आहे. मध्यरात्री बाराला मिनारवर पहिली फुलं, मग पहाटे अनवाणी प्रभातफेरी (शब्द पण तोच), मिनारसमोरचा डांबरी रस्ता आर्ट कॉलेजच्या पोरांनी रंगवलेल्या मोठमोठ्या आल्पनांनी भरलेला, आल्पना म्हणजे त्यांची रांगोळी समजा. आणि फेब्रुवारीभर पुस्तकांची जत्रा, जिची सुरुवात १९७२ मध्ये एका प्रकाशकाने, चित्तरंजन साहा यांनी, बांगला अकादमीच्या आवारात गोणपाटावर ३२ पुस्तकं मांडून केली.

आपला संबंध आहेच. आपल्याकडे फ्लोरा फाउंटनला गोळ्या चालल्या ती तारीख पण २१, नोव्हेंबर १९५५. मराठी भाषा गौरव दिन एकुशेनंतर सहा दिवसांनी येतो, आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला तो मराठीला आणि बांगलाला एकाच दिवशी. पण आपला दिवस एका कवीच्या जन्माचा आणि त्यांचा मरणाचा, त्यामुळे सूर वेगळा लागतो, आपण फेटे बांधतो आणि ते चपला काढतात.

आता जरा अडचणीचं. 'च' लावायचा मोह फक्त पाकिस्तानलाच होतो असं नाही. १९६० मध्ये आसामने कायदा करून असमिया ही राज्याची राजभाषा केली, बराक खोऱ्यातले बंगाली उठले, आणि १९ मे १९६१ ला सिलचर स्टेशनवर पोलिसांच्या गोळीने ११ जण गेले, त्यात कमला भट्टाचार्य, १६ वर्षांची, नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिलेली. हे आपल्या देशात झालं आणि आपल्याला ढाका माहीत असतं, सिलचर नसतं. पण असमिया माणसाला विचारा तर तो सांगेल की इंग्रजांनी १८३६ पासून १८७३ पर्यंत आमच्या कोर्टात आणि शाळेत बांगला बसवली होती, ती भीती आमच्या हाडात आहे. झालं, पाटी उलटी. खुद्द बांगलादेशात १९७२ चं संविधान होताना चाकमा या डोंगरी जमातीचे नेते मानवेंद्र नारायण लारमा उभे राहून सांगत होते की आम्ही नागरिक या देशाचे, पण आम्ही बंगाली नाही. फारसं कुणी ऐकलं नाही. चाकमा, मारमा, गारो अशा पाच भाषांत लहान मुलांची सरकारी पुस्तकं आली ती २०१७ मध्ये, पहिल्या एकुशेनंतर पासष्ट वर्षांनी.

एक शेवटची मजा. ज्या दिवशी भाषेसाठी जीव दिला त्या दिवसाचं नावच इंग्रजी तारखेचं, एकुशे फेब्रुअरी, हे तिकडच्या काही लोकांना फार टोचतं. बांगला पंचांगाप्रमाणे तो दिवस होता ८ फाल्गुन १३५८. पण बांगलादेशने पुढे पंचांग सुधारलं आणि त्यात २१ फेब्रुवारीला ९ फाल्गुन यायला लागला, म्हणून २०१९ मध्ये सरकारने महिन्यांचे दिवस परत मागेपुढे केले, फाल्गुन २९ चा केला, आता दरवर्षी बरोबर ८ येतो. मी हे वाचल्यावर मोठ्या उत्साहाने सलूनवाल्याला म्हटलं, काय मग, आठ फाल्गुन जवळ आला. तो वस्तऱ्याला धार लावता लावता थांबला, म्हणाला, "आठ फाल्गुन को क्या है भाई?"